बावीस कोटी वर्षांची सूट

मामाजी,

परवा तुमची तेरवी झाली आणि आज सकाळी किसनभाऊ दारात उभे. चहा नको म्हणाले, खुर्ची नको म्हणाले. या गावात ज्याला चहाही नको असतो तो काहीतरी मोठं मागायला आलेला असतो, हे मला लग्न होऊन आल्यावर पहिल्याच वर्षी कळलं होतं. शेवटी पायरीवर टेकले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "बाई, श्रावण लागून राह्यला. गुरुवारी पोथी बसवाची हाये. वाचाचं तं तुमी वाचसानच. पन अर्थ कोन सांगन?"

"तुम्ही सांगा की," मी म्हटलं.

"मले सांगता येत असतं तं बुढ्यानं मले इतके वर्सं गुमान बसवलं असतं काय?" मग म्हणाले, "वाचाही तुमीच, सांगाही तुमीच. सारं गाव हेच म्हनून राह्यलं."

विचार करून सांगते म्हटलं. विचार करायला बसले तर लक्षात आलं, की या विषयावर आजवर मी ज्या एकाच माणसाबरोबर विचार केला, म्हणजे भांडले, तो माणूस तुम्ही. आता भांडायचं कोणाशी? म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण तुमच्यासाठी वाचायचं काम तसंही या सुनेकडेच होतं. हेही मीच वाचून दाखवीन.

तुम्हाला काय सांगायचं, तरी एकदा नीट मांडून बघते. आपल्या बजरंगबलीच्या देवळात पोथी दोघांची असते. एकाने ओवी वाचायची आणि थांबायचं, दुसऱ्याने तिचा अर्थ सांगायचा. वाचणाऱ्याला अक्षरं लागतात, सांगणाऱ्याला जीभ लागते. इतकी वर्षं अक्षरं माझी आणि जीभ तुमची. मी वाचून मोकळी व्हायचे. ओवीत काय लिहिलंय त्याचा जाब मला कोणी विचारत नव्हतं, टपाल आणणाऱ्याला कोण विचारतो? जाब तुम्हाला. आता दोन्ही माझ्याच अंगावर आलं, तर पहिल्या दिवशीच येणाऱ्या सृष्टीच्या अध्यायाचं मी काय करू? सकाळी सिंदेवाहीच्या शाळेत फळ्यासमोर उभी राहून मी शिकवते की पृथ्वी साडेचारशे कोटी वर्षांहून जुनी आहे. माझ्या वर्गातली आपल्या गावची पोरं संध्याकाळी आजीला चिकटून देवळात अगदी पुढे बसतात. त्यांच्या डोळ्यांत बघून मी कोणता अर्थ सांगू? शाळेतला सांगितला तर लोक म्हणतील, ही पोथी सांगायला बसली की मोडायला. पोथीतला शब्दशः सांगितला तर उद्या वर्गात खडू हातात धरायची मला लाज वाटेल. आणि नाही म्हटलं तर पोथी बंद पडते, कारण दुसरं कोणी नाही.

या खोड्यात मला अडकवलंत तुम्हीच. आधीचे वाचणारे गुरुजी मुलाकडे नागपूरला राहायला गेले आणि श्रावण पोथीवाचून जायची वेळ आली, तेव्हा देवळातल्या बैठकीत तुम्ही परस्पर सांगून टाकलंत, "आमची सून वाचन." कोणीतरी कुजबुजलं, बाईमाणूस पोथीवर? तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात, "पोथी वाचाले डोळे लागते, मिशा नाई लागत. अन् मिशाच पाहिजे असन तं माह्या हायेत ना बाजूले!" सगळं देऊळ हसलं आणि प्रश्न मिटला. मग घरी येऊन मला विचारलंत, "वाचशीन ना बेटा?" शब्द आधी दिला आणि विचारलं नंतर. मी चिडले होते. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तुमच्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणून बसले. पहिल्या दिवशी माझा आवाज इतका कापत होता की तुम्ही अर्थ सांगताना मुद्दाम लांबण लावलीत, मला श्वास घ्यायला वेळ मिळावा म्हणून. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. सुनेने सासऱ्याचे आभार मानायची आपल्याकडे रीतच नाही, म्हणून आता मानते.

पण आपलं खरं भांडण पोथीच्या आधीपासूनचं, त्या दगडापासूनचं. माझे बाबा चंद्रपूरकडच्या कोळशाच्या खाणीत कामाला होते. मी कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं तेव्हा त्यांनी मला खाणीतून एक काळसर, पाटीसारखा चपटा दगड आणून दिला. त्यावर एका पानाचा ठसा होता. जिभेसारखं लांबट पान, मधली शीर, बारीक जाळी, सगळं लख्ख. लग्न होऊन आले तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून तो मी सोबत आणला आणि कपाटावर ठेवला. एक दिवस बघते तर जागेवर नाही. शोधत देवघरापाशी आले तर दगडोबा तिथे विराजमान. हळद, कुंकू, वर जास्वंदाचं फूल.

"मामाजी, हा देव नाही. झाडाचं पान आहे, दगडात उमटलेलं."

"देवानं दगडात पान काढलं अन् तू म्हन्ते देव नाई?"

"कोणी काढलं नाही. पान चिखलात पडलं, वर गाळ बसत गेला, चिखलाचा दगड झाला."

"किती दिवस लागले?"

"पंचवीस कोटी वर्षं. थोडं मागे-पुढे."

तुम्ही सासूबाईंकडे वळलात. "ऐकलं का वो? पोरगी जरा जास्तच शिकली."

पानाचं मात्र तुम्हाला लगेच पटलं होतं. तलावातला गाळ काढताना तळाशी काळी पडलेली पानं थरावर थर बसलेली तुम्ही पाहिली होती. पटत नव्हते ते कोटी. लाखापर्यंत तुम्ही माझ्याबरोबर आला असता, त्यापुढे नाही.

तुम्हाला मी बजावलं होतं, ठेवायचा तर ठेवा देवघरात, पण याला पाणी लावू नका, हा दगड पाण्याने सुटतो. तुम्ही मान डोलावलीत आणि रोज सकाळी बाकी देवांबरोबर त्यालाही आंघोळ घालत राहिलात. जन्मभर मासे धरत तलावात उभा राहिलेला ढिवर तुम्ही. देवाला कोरडं ठेवायचं हे तुमच्या डोक्यात शिरणारच नव्हतं. पावसाळा गेला, थंडी लागली, आणि एका सकाळी तुम्ही देवघरातून हाक मारलीत. तुमच्या हातात त्या दगडाचे दोन तुकडे होते, थरावर अलगद सुटलेले. मी ओरडले. सासऱ्यावर ओरडणारी सून त्या दिवशी शेजाऱ्यांनीही ऐकली. तुम्ही ते तुकडे दाराच्या उजेडाला धरलेत. आत एक दुसरंच पान होतं. आधीच्याहून धड, देठासकट. एका तुकड्यावर उठून आलेलं आणि दुसऱ्यावर त्याचाच खोलगट ठसा. मी आले, तुमच्या खांद्याला लागून उभी राहिले. चिखलात गाडलं गेल्यानंतर ते पान पहिल्यांदाच उजेडात येत होतं आणि ते बघायला जगात आपण दोघंच होतो. मला राग आठवेना. तुम्ही हळूच म्हणालात, "केवढा वेळ अंधारात होतं बिचारं." सासूबाई मागून म्हणाल्या, "आता एकेक घ्या अन् भांडन मिटवा." तसंच झालं. एक तुकडा माझ्याबरोबर शाळेत गेला, एक देवघरात राहिला. त्यानंतर तुम्ही बाकी देवांना पाणी घालायचात आणि त्याला कोरड्या फडक्याने पुसायचात. कोणी विचारलं तर गंभीरपणे सांगायचात, "याले पानी सोसत नाई. सर्दी होते याले."

आता सृष्टीच्या अध्यायाकडे येते. 'आधी सर्वत्र पाणीच होतं' अशा अर्थाची ओवी मी वाचली की तुम्ही मांडी बदलून बसायचात. तुमचा वर्षातला सगळ्यात आवडता क्षण. "आयका! जमीन नोयती, झाड नोयतं, राजा नोयता. फक्त पानी होतं. अन् जिथी पानी, तिथी पयला माणूस कोन? ढिवर! हे शेतीवाले मागून आले, पानी ओसरल्यावर." शेतीवाले हसायचे, किसनभाऊ सगळ्यांत जास्त. घरी येताना तुम्ही खुशीत मला विचारलंत, "तुया पुस्तकात बी आदी पानीच असन ना?" मी म्हटलं, नाही, आधी आग. पृथ्वी म्हणजे वितळलेल्या दगडाचा लालभडक गोळा होता, पाणी नंतर आलं. तुमचा चेहरा पडला. एवढंसं हो म्हटलं असतं तर माझं काय गेलं असतं, असं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या. माझा स्वभाव तसा नाही आणि तुमचाही नव्हता. दुसऱ्या दिवशी देवळात तुम्ही न विचारता सांगून टाकलंत, "आमची मास्तरीन म्हन्ते आदी आग होती. पोथी म्हन्ते पानी होतं. आता मले सांगा, आग लागल्यावर आपन काय टाकतो? पानीच ना? मंग दोघंही खरे." टाळ्या तुम्हाला. मी पोथीमागे बसून दात-ओठ खात होते.

त्या रात्री जेवताना तुम्ही विचारलंत, "पन हे वर्सं मोजले कोन?" प्रश्न चेष्टेचा नव्हता, म्हणून मीही नीट उत्तर दिलं. म्हटलं, काही दगडांत असा धातू असतो की तो ठरलेल्या वेगाने, आपोआप, शिशात बदलत जातो. समजा आपल्या घरी रोज सारखंच धान कुटतात. तर कोठीत उरलेलं धान आणि कोपऱ्यात साठलेला कोंडा बघून सांगता येईल ना, किती दिवस कुटणं चाललंय?

"येईन सांगता. पन कोंडा ढोरानं खाल्ला तं?"

"तर हिशेब चुकेल. म्हणून जिथे ढोर पोचलेलं नाही असेच दगड शोधून काढतात. आणि एकावर भागत नाही, अनेक तपासतात."

तुम्ही ताटातला भात पुन्हा कालवलात. मग म्हणालात, "बरं." तोवर माझ्या कोटींना तुम्ही 'गप्पा' म्हणत होता.

आणि तुमचं ते 'बरं' म्हणणंच मला पुढे महागात पडलं. चार युगं हजार वेळा फिरली की ब्रह्मदेवाचा एक दिवस होतो, ही ओवी आल्यावर तुम्ही मला घरी कागद घेऊन बसवलंत. "गुन बरं." चार युगांच्या त्रेचाळीस लाख वीस हजार वर्षांना मी हजाराने गुणलं. चारशे बत्तीस कोटी वर्षं झाली. "अन् तुयी पृथ्वी?" मी म्हटलं, चारशे चौपन्न कोटी. तुम्ही मांडीवर थाप मारून उठून उभे राहिलात. "बावीस कोटीचाच फरक! अवो, हाटात मासोळी इकताना मी याच्याहून जास्त सूट देतो!" तुम्हाला तेव्हा बघायला हवं होतं कोणीतरी. खाली बसेनात. तुमचं ठरलंच, की उद्या देवळात मी उठून सांगायचं, विज्ञानाने पोथी खरी ठरवली. तू मास्तरीन, तुया शब्दाले वजन.

मी साफ नाही म्हटलं. त्या दिवशी जे बोलले ते आज पुन्हा बोलायची वेळ आली तर पुन्हा बोलेन. ज्यांनी युगं मांडली त्यांनी दगड तपासले नव्हते आणि ज्यांनी दगड तपासले ते युगं बघून निघाले नव्हते. दोन आकडे शेजारी आले म्हणून सोयरे होत नाहीत. आणि मामाजी, आज तुम्ही देवाला माझ्या आकड्यावर टेकवून बसवलंत, उद्या नव्या मोजणीत आकडा हलला तर त्याला कुठे बसवाल? तुम्ही माझ्याकडे असे बघत राहिलात जसं मी तुमच्या ताटातलं काढून घेतलं. नंतर किती तरी दिवस अबोला. पाटावर बसून सासूबाईंना सांगायचात, "तिले म्हना, भाजी वाढ." मी समोर उभी. मीही सासूबाईंनाच सांगायचे, "त्यांना म्हणा, भाजी संपली." तुमच्या मुलाने दोघांपुढे हात जोडले होते.

अबोला सुटला तलावाच्या पाळीवर. तुम्ही फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन विणत होता, मी डबा घेऊन आले होते. वर न बघता म्हणालात, "तुया आकडा मी सोडला. सूटही सोडली. पन एक सांग. त्या साऱ्यात माणूस कदी आला?"

"अगदी आत्ता. दोन-तीन लाख वर्षांपूर्वी. त्या कोटींपुढे काहीच नाही."

"अन् त्याच्या आदी देवाचं नाव घ्याले कोनीच नोयतं?"

"कोणीच नव्हतं."

तुमचा जाळ्यावरचा हात थांबला. "मंग एवढे वर्सं तो एकटाच होता?"

माझ्या कोणत्याही पुस्तकात या प्रश्नाला जागा नाही. मला वाटत होतं तुम्हाला पृथ्वीचं वय खुपतंय, आणि तुम्ही तर केव्हाच पुढे जाऊन तिथल्या शांततेत उभे होता, कोणासाठी तरी वाईट वाटून घेत. मी डबा उघडला, आपण भाकरी खाल्ली. पाण्यावर बगळे होते. त्यानंतर मी तुमच्याशी या विषयावर पूर्वीच्या आवाजात कधी बोलले नाही. भांडले, पण आवाज वेगळा होता.

पुढच्या श्रावणात तुम्ही त्याच ओवीला थांबलात. ढिवराचा विनोद झाला, लोक हसून झाले. मग तुम्ही म्हणालात, "किती वर्सं झाले ते आमची मास्तरीन सांगन, तिले इचारा. ते माह्यं काम नोय. मी एवढंच सांगतो. घाई आपल्याले असते. धानाचा रोवना झाला का निंदन, निंदन झालं का कापनी. देवाले काऊन घाई असन? त्यानं पानी केलं, मासे केले, झाडं केले, अन् पाहत बसला. लय वेळ पाहत बसला. आपल्याले सगळ्यांत शेवटी बोलावलं. एवढा थांबला तो आपल्यासाटी, अन् आपन संध्याकाळी घंटाभर बसाचं तं कुरकुर करतो."

यातलं काही त्या ओवीत नव्हतं. माझ्या पुस्तकातही नव्हतं. पण दोन्हींतलं काही खोटं पाडेल असा एकही शब्द तुम्ही बोलला नव्हतात. मी पुढची ओवी वाचायला विसरले आणि तुम्हीच मला कोपराने ढोसलंत.

याचा अर्थ आपलं सगळं जुळलं असं मुळीच नाही. वराहाने पृथ्वी दातावर उचलून पाण्याबाहेर आणली, यावरून आपण शेवटपर्यंत भांडलो. तुम्ही म्हणायचात, उन्हाळ्यात तलाव आटला की रानडुकरं चिखल उकरतात ते जाऊन बघ, मग बोल. मी म्हणायचे, डुकराने चिखल उकरणं वेगळं आणि पृथ्वी उचलणं वेगळं. ते भांडण अर्धंच राहिलं. मला ते पूर्ण करायचंही नव्हतं, मजा यायची. तुमच्याइतका हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि तुमच्याइतकं ऐकून घेणाराही. एखाद्याच्या घरात सुनेचं शिक्षण भिंतीवर प्रमाणपत्र होऊन लटकतं. तुम्ही माझं शिक्षण रोज जेवायला बसवलंत, त्याला उलट प्रश्न विचारलेत, त्याच्यावर चिडलात, त्याच्यासाठी उपाशीही उठलात. माझ्या बाबांनी मला शिकवलं, पण माझं शिकणं भांडायच्या लायकीचं समजलात ते तुम्ही. या घरात मी कोणी आहे, हे मला तुमच्या वादांमुळे कळलं.

रोवण्याच्या ऐन गर्दीत तुमचा श्वास वाढला आणि तुम्हाला चंद्रपूरला नेलं. तिथे दुपारी वॉर्डात मी एकटी तुमच्यापाशी होते. तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, "एक इचारू? तू पोथी नुसती वाचते, का आतून निंगते?"

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात नर्सबाई सलाईन बदलायला आल्या. मग डॉक्टर आले, मग तुमचा मुलगा आला, मग तुम्हाला झोप लागली. मला वाटलं, सांगू उद्या. खरं तर काय सांगणार होते तेही मला ठाऊक नव्हतं. तुमचा प्रश्न तसाच राहिला. किसनभाऊंनी आज विचारलं ते, आणि तुम्ही विचारलंत ते, मला एकच वाटतंय. आतून निघत नसेल तर त्या जागेवर बसून अर्थ सांगायचा मला अधिकार नाही. निघतं की नाही हे बसल्याशिवाय कळणार नाही. संध्याकाळी किसनभाऊंकडे निरोप धाडते की बसते म्हणून. फसले तर तुमच्यामुळे फसले.

शुक्रवार आहे. शाळेत जायच्या आधी कालचं लिहून ठेवते.

देऊळ भरलं होतं. माझ्या बाजूची तुमची जागा कोणी घेतली नाही. लोक दाटीवाटीने बसले, पण तेवढी चटई मोकळी सोडून. मी वाचायला लागले. आवाज बरा होता. पाण्याची ओवी आली, वाचली, आणि थांबले. सवयीने थांबले, मामाजी, तुमच्यासाठी. देऊळही थांबलं. सगळे त्या मोकळ्या चटईकडे बघत होते. बायकांमध्ये सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. कोणी हसवायला नव्हतं. मग मला समजलं की आता बोलणारी मीच आहे.

म्हटलं, "पोथी सांगते आधी पाणी होतं. मी शाळेत शिकवते आधी आग होती, आणि ते साडेचारशे कोटी वर्षांपूर्वीचं आहे. या दोन गोष्टी मी जुळवणार नाही. जुळवायला गेलं की दोन्हींची ओढाताण होते. दगडाचं वय दगडाला विचारायचं, ते पोथीला विचारू नये. पण एक गोष्ट मला दोन्हीकडे दिसते. हे सगळं आपल्या कितीतरी आधीपासून चाललेलं आहे. आपण फार उशिरा आलो. कार्यक्रम सुरू झाल्यावर उशिरा आलेला माणूस काय करतो? चपला काढतो, हात जोडतो आणि गपचूप मागे बसतो. मला या ओवीचा एवढाच अर्थ लागतो."

पुढे बसलेल्या माझ्या वर्गातल्या एका पोरीने हात वर केला. "मॅडम, पन परीक्षेत काय लिहाचं?"

"साडेचारशे कोटीच लिहायचं," मी म्हटलं, आणि देऊळ हसलं. किसनभाऊ मान हलवत म्हणाले, "बुढ्याची सून खरी." पुढचा सगळा अध्याय मी वाचला आणि सांगितला. कुठे अडखळले, कुठे तुमच्यासारखं लांबवलं. वराहाच्या ठिकाणी सांगितलं की याच्यावर आमच्या घरी दोन मतं आहेत. ढिवराचं म्हणणं मात्र मी तुमच्या शब्दांत, तुमच्या बोलीत सांगितलं आणि शेतीवाले हसता हसता डोळे पुसायला लागले.

अध्याय संपला. मी पोथी मिटली, लाल फडक्यात बांधली, डोक्याला लावली आणि उठायला लागले. कोणीच उठेना. सगळे माझ्याकडे बघत होते. मला कळेना काय राहिलं. मग किसनभाऊंनी दोन्ही हात अर्धे वर उचलून धरले तेव्हा लक्षात आलं. पोथी संपली की जयजयकार अर्थ सांगणाऱ्याने उचलायचा असतो. तो नेहमी तुम्ही उचलायचात आणि तोवर मी चष्मा डब्यात घालत असायचे. इतक्या वर्षांत मी तो एकदाही दिला नव्हता.

मी डोळे मिटले. आणि माझ्याच कानांना अनोळखी वाटेल अशा मोठ्या आवाजात मी ओरडले, "बोलो बजरंगबली की!" देऊळभर जय घुमला. मी पुन्हा ओरडले, आणि पुन्हा. गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला थांबायचं नव्हतं.

पोथी फडक्यात बांधलेली होती, मामाजी. समोर वाचायला एक अक्षरही नव्हतं.